पावडरीखालचा चटका

"हलू नकोस," नेरिस म्हणाली आणि तिने आपली पावडर नवऱ्याच्या कपाळावर थापली. सांगायची काही गरज नव्हती. गेथिन दोन वर्षांत आपणहून हलला होता कुठे!

भुवईच्या वर पेनीच्या नाण्याएवढा लाल चट्टा होता. डोक्याला बांधायच्या पट्टीत दोन स्पंज, ते बाटलीतल्या खारट पाण्यात भिजवायचे, मग रोज अर्धा तास मेंदूला विजेचा बारीकसा झोत. उदासीवरचा हा उपचार घरीच घ्यायचा होता. सोमवारी बाटली संपली. दुसरी माडीवर होती. जिना चढायचा कंटाळा, म्हणून गेथिनने स्पंज नळाखाली धरले आणि तेव्हापासून तेच चालू ठेवलं. साध्या पाण्यामुळे विजेने कातडी भाजली.

नेरिसला चट्टा दिसला तो आज, गुरुवारी. तीन दिवस तिने त्याच्या तोंडाकडे धड पाहिलंच नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"दुखलं नाही तुला?"

"कळलं नाही."

माहितीपत्रकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, कातडी भाजली तर उपचार थांबवा आणि आम्हाला कळवा. तीन प्रकारच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या. आता ही पट्टीही गेली तर पुढे काय? म्हणून पावडर.

दहा वाजता टॅब्लेटच्या पडद्यावर, व्हिडिओ कॉलवर नर्स लोवरी दिसू लागली. "कसे आहात, गेथिन?"

"आहे."

"जेवण?"

"काल ताट चाटूनपुसून साफ!" नेरिस मध्येच म्हणाली. ते कुत्र्याने केलं होतं.

"नेरिस, त्यांना बोलू द्या. गेथिन, जरा पुढे या. कपाळ पाहू."

गेथिन पुढे झाला. एका कडेची पावडर निघाली होती. नेरिसने घाईघाईने बोट फिरवलं, ते नेमकं चट्ट्यावर दाबलं गेलं.

"आई गं!" गेथिनने मान झटकली. "हळू की, बाई!"

"काय लावलंय तिथे?" लोवरीने विचारलं. "पुसा बघू."

नेरिसने मुकाट्याने ओलं फडकं आणून पुसलं.

"हे कधीचं?"

"सोमवारचं," गेथिन म्हणाला.

"आणि सोमवारपासून झोंबतंय?"

गेथिनने स्वतःच चट्ट्याला बोट लावून पाहिलं.

"नाही. आत्तापासून."

जखम भरून येईपर्यंत उपचार बंद ठेवावा लागेल, असं लोवरी सांगत होती. नेरिसचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने फडक्याचं टोक पुन्हा अलगद त्याच्या कपाळाला लावलं.

"झोंबतंय?"

"हो म्हटलं ना!" गेथिन खेकसला. "किती वेळा सांगू?"

दोन वर्षांत तो तिच्यावर असा चिडला नव्हता. नेरिसचे डोळे भरून आले.

"सांग अजून एकदा," ती म्हणाली.