खाली घेतलेल्या खिडक्या

रुग्णालयाच्या बांधकामाचा खर्च हाताबाहेर गेला, तशी संसदेची समिती नव्या वॉर्डातच येऊन थडकली. अध्यक्षबाईंना सगळे पाठीमागे ‘कात्री’ म्हणत. “बसवलेल्या खिडक्या उखडून खाली का घेतल्या?” त्यांनी विचारलं. इंजिनियरच्या तोंडचं पाणी पळालं. पाठ केलेलं उत्तर विसरून तो बोलून गेला, “ताई, उभ्यानं नाही कळायचं. आडव्या व्हा.” रुग्णालयाच्या संचालकांनी कपाळाला हात लावला. बाईंनी मात्र चपला काढल्या आणि खाटेवर अंग टाकलं. आधीच्या उंच खिडकीतून रुग्णाला पडल्यापडल्या नुसतं आभाळ दिसायचं. आता रस्ता दिसतो, हे इंजिनियरनं स्वतः झोपून पाहिलं होतं. “शाळा सुटली वाटतं,” बाई हळूच म्हणाल्या. “खिडक्या राहू द्या.” इंजिनियरच्या जिवात जीव आला. संचालकही हसले. “संचालकसाहेब, आता तुमचं दालन दाखवा,” बाई उठल्या. “तिथल्या संगमरवरावर कोणाला झोपवणार?”