जन्मदात्रीचा रकाना

"आई_एक आणि आई_दोन? वहिनी, आईला काय बसचे नंबर द्यायचेत?" दिलनाझ खो खो हसली.

रौशन हसली नाही. तराझ शहराच्या जन्मनोंदणी कचेरीत तिनं वीस वर्षं वह्या सांभाळल्या होत्या. आता त्या संगणकात जायच्या होत्या, आणि कुठल्या रकान्याला काय नाव द्यायचं हे दिलनाझ ठरवणार होती. सोमवारी गाडी येणार आणि वह्या राजधानीच्या गोदामात जाणार. ज्या गोष्टीला रकाना नाही, ती मग कायमची गेली.

"मग 'जन्मदात्री' लिही," रौशन म्हणाली. "नाव वाचलं की आत काय आहे ते कळलं पाहिजे, हा तुझाच नियम ना?"

"नियमात बसतंय गं. पण हवंय कशाला? माणसाला आई एक."

"वहीत समासात दुसऱ्या बाईचं नाव लिहिलंय, ते कुठे घालू?"

"समासात चहाचे डागही आहेत. त्यांनाही रकाना देऊ?"

रौशनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही पोर म्हणजे सासूबाईंचं शेंडेफळ, लाडानं डोक्यावर चढवलेलं. कचेरीतही तीच जीभ.

पहिलं मूल आजीच्या ओटीत घालायची इथली रीत. मूल आजीलाच आई म्हणतं आणि घरात कुणी त्यावर चकार शब्द काढत नाही. जुने कारकून मात्र शहाणे. आईच्या रकान्यात आजीचं नाव लिहायचे, आणि जिनं जन्म दिला तिचं नाव बारीक अक्षरात समासात.

"परवा बातिमा म्हातारी आली होती," रौशन म्हणाली. "तिचा थोरला खाणीत दगावला. मातीच्या दिवशी तिला पाहुण्यांत बसवलं, आई म्हणून रडायचा मान सासूला. म्हणाली, चाळिसाव्या दिवसाला तरी मला आई म्हणून बसू दे, एक कागद दे. समासात होतं म्हणून मी देऊ शकले. कागद डोळ्यांना लावून डोईच्या रुमालात बांधला बिचारीनं. उद्या अशी कुणी आली तर काय दाखवू? तुझं डोंबल?"

"फार पुळका बाई तुला त्यांचा."

"आहे!" रौशनचा आवाज चढला. "नऊ महिने वाहिलं, दूध तोडलं, पोर सासूच्या हातात दिली आणि छाती घट्ट बांधून चहाचा समोवार पेटवायला बसल्या. कुठेतरी एका ओळीत राहू देत की त्या. काय जातंय तुझं?"

दिलनाझनं चहाची वाटी खाली ठेवली.

"आणि त्या पोरांचं काय? लग्नाचा दाखला मागायला यायचं आणि पडद्यावर दोन आया. जिनं देऊन टाकलं तिचं नाव वाचून नाचायचं का त्यांनी?"

"देऊन नाही टाकलं गं. काढून घेतलं."

"तोंड होतं ना? नाही म्हणायचं."

"नव्या सुनेनं? सासूला?" रौशनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते रागारागानं पुसलं. "तुला नाही कळायचं."

"बरं, रडू नकोस." दिलनाझनं खुर्ची पुढे ओढली. "रकाना करते. एक नोंद भरून बघू, मग ठरवू. झालं?"

रौशनचा जीव भांड्यात पडला. सोमवारला अजून तीन दिवस होते, समास उतरवून होतील. ती लगबगीनं उठली. "थांब, वही आणते. कुठल्या सालची?"

"वही नको. माझीच नोंद टाकते, मला पाठ आहे."

रौशन जागच्या जागी थांबली. दिलनाझनं स्वतःचं नाव लिहिलं. आईच्या रकान्यात कुल्याश, सासूबाईंचं नाव. मग जन्मदात्रीच्या रकान्यात, जराही न अडखळता, तिनं 'रौशन' असं लिहिलं. क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि अख्खा रकाना पुसून टाकला.

"बघ वहिनी," ती म्हणाली, "त्या रकान्यावाचून काही अडलं का?"