भरतीचा लाडू

त्रेचाळीस साली पलटणीची भरती सांगलीत आली, तेव्हा हमालगल्लीतले आकाराम आणि नाथाजी ओठावरच्या लवेला काजळ चोळून रांगेत उभे राहिले. दोघांनाही सोळावं लागलेलं. पण पलटणीत दोन वेळा पोटभर जेवण मिळतंय म्हटल्यावर खरं वय सांगतंय कोण!

सकाळी निघताना नाथाजीच्या आईनं, चंद्राबाईनं, लेकाच्या हातावर गुळाचा लाडू ठेवला होता. रांगेत नाथाजीनं तो अख्खाच्या अख्खा आकारामच्या तोंडात कोंबला. "तुला आई न्हाई गड्या. खा, तेवढंच वजन भरंल."

वजनकाट्यावर चढायच्या आधीच आकारामला असे जुलाब लागले, की साहेबानं नाक दाबून त्याला हाकलून काढलं. नाथाजी भरती झाला. आकारामला मात्र गल्लीनं वर्षभर 'हगरा हवालदार' म्हणून छळलं.

पुढच्या पावसाळ्यात तार आली. नाथाजी ब्रह्मदेशात पडला होता.

चंद्राबाईच्या डोळ्यांना पाणी येईना. आकारामच तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडला. "लय मायेचा व्हता गं मावशी! भरतीच्या दिवशी तू दिल्याला लाडू बी त्यानं मलाच खाऊ घातला."

चंद्राबाईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

 

"माझं प्वार घरी ऱ्हावं म्हणून मीच त्यात जमालगोटा घातला व्हता रं."