भिजत घातलेली मटकी

पडद्यावरची बाई नवऱ्याचं घर सोडून निघाली होती. निघण्याआधी तिने पातेल्यात मटकी भिजत घातली. सरांनी सिनेमा तिथेच थांबवला.

"कादंबरी वाचतो तसं हे दृश्य वाचा. घर सोडणारी बाई मटकी का भिजवते?"

"मोड येणार, सर! म्हणजे नव्या आयुष्याची सुरुवात," पुढच्या रांगेतून उत्तर आलं. सर खूश झाले.

"उद्या त्याच्या जेवणाची पंचाईत नको म्हणून," मागून सरांची बायको म्हणाली. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्यांच्या वर्गात येऊन बसली होती.

"आमच्या हिला सिनेमातही स्वयंपाकघरच दिसतं!"

वर्ग खळखळून हसला. तीही हसली आणि पर्स उचलून निघून गेली. त्या पात्राच्या अबोलपणावर सर पुढे तासभर बोलले. काय सुंदर बोलले!

घरी आले, तर दाराला कुलूप. आत कपाटावरची तिची बॅग नव्हती. फोन ती उचलत नव्हती.

"चुकलं गं माझं. सगळ्यांसमोर तुझी थट्टा करायला नको होती," रिकाम्या घरात सर मोठ्याने म्हणाले.

स्वयंपाकघरात ओट्यावर पातेलं झाकून ठेवलं होतं. आत मटकी भिजत होती. एका माणसापुरती.