बासरी लावून द्या

"बोलणं नाही ऐकू आलं तरी चालेल," निवृत्त इंजिन-फिटर म्हणाला, "बासरी आली पाहिजे."

त्याने रेकॉर्ड टेबलावर ठेवली. कानाचं मशीन बसवणाऱ्या मुलीने ती उलटसुलट पाहिली. संगीतकार फ्रेंच, वाद्यवृंद साठ जणांचा, ओरखडा एक. सुरुवातीला म्हणे एकटी बासरी होती. वर्षभर फिटरला ती ऐकूच येत नव्हती. एकदम व्हायोलिनंच यायची. नाटकाला जावं आणि थेट मध्यंतरात पोचावं, तसं.

"सहा वर्षं मी घसा फोडतेय, तेव्हा कान ठणठणीत होते," मांडीवर पर्स घट्ट धरून बायको म्हणाली. "बासरी गेली, तर लगेच दवाखाना!"

"काय म्हणते ही?"

"काळजी वाटते म्हणतात." मुलगी धंद्यात मुरलेली होती.

तिच्याकडे रेकॉर्ड वाजवायची सोय नव्हती. तिने फिटरच्या कानात मशीन बसवलं आणि मोबाईलवर तीच रचना शोधली. चौदा वाद्यवृंदांनी वाजवलेली निघाली.

पहिली ऐकून फिटर म्हणाला, "याची बस सुटतेय."

दुसरीला म्हणाला, "हा मध्येच दम खातो. आमचा नाही खात."

तिसरी त्याने अर्ध्यावर थांबवली. "गोड आहे. पण उगाच."

"काका, ऐकू येतंय ना? मग झालं की!"

"पोरी, एकतीस वर्षं इंजिनं लावली मी. ओळखीच्या आवाजावरच लावतात. परकी बासरी बरोबर लागली, हे मी कशावरून सांगू?"

बाहेर चार जण ताटकळत होते. फिटरने खुर्चीत नीट बूड टेकलं.

"हे आता उठायचे नाहीत," बायको म्हणाली. समोरच्या भिंतीकडे बघत तिने गुणगुणायला सुरुवात केली. संथ, एका दमात. वळणावर ती बारीकशी 'टक्' म्हणाली आणि पुढे गेली. थोड्या वेळाने पुन्हा 'टक्'. सुई ओरखड्यावर उडते, नेमकं तिथे.

फिटर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने डोळे मिटले आणि मुलीला बोटाने खूण केली. किंचित वर. आणखी जरा. बस.

"लागली?" मुलीने विचारलं. "आता काकूंचं बोलणं तपासू या."

"थांब," फिटर डोळे न उघडता म्हणाला. "अजून व्हायोलिनं यायचीत."

बायकोने पर्स खाली ठेवली.