सहीचं यंत्र

“तुझ्या सहीवाचून काही अडत न्हाई,” श्रीमंत फोनवर म्हणाला. “लातूरला एक यंत्र बसवलंय. तुझी सही हुबेहूब करतंय ते. उद्या जातो बघ कागद घेऊन.”

“मग जावा की,” पलीकडून तुळजाबाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

तुळजाबाई गावच्या सरपंच. पण रेणापूरच्या बाजारापर्यंत सरपंच म्हणून नमस्कार पडायचे ते त्यांच्या नवऱ्याला, श्रीमंतला. तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. श्रीमंत बोट ठेवेल तिथं बाई सही करत. मग गायरानातली चार एकर जागा भाच्याच्या खडी क्रशरला द्यायचा ठराव आला आणि बाई पहिल्यांदाच अडल्या. “गुरं कुठं चरायची?” एवढंच विचारून त्या देवणीला माहेरी निघून गेल्या. त्याला आठ दिवस झाले होते.

ग्रामसेवक सुगत, म्हणजे गावाचे भाऊसाहेब, सांगून मोकळे झाले होते. “शुक्रवारपर्यंत सही आणा. अन् बाईंचीच आणा, मी अक्षर ओळखतो.” श्रीमंतनं वहीची दोन पानं गिरवून काढली, पण त्यातला ‘ळ’ काही केल्या जमेना. भाच्याला तर शब्द देऊन बसलेला. गावात तोंड दाखवायची पंचाईत होणार, या विचारानं त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

यंत्र शिल्पाचं होतं. शिल्पा गावचीच पोरगी. नांदेडला चित्रकला शिकली आणि मोटारी, तारा, कॅमेरे जोडून भलतंसलतं करू लागली. लातूरच्या एका हॉलमध्ये तिनं मांडलेल्या कामाचं नाव होतं ‘सौ. सरपंच’. खुर्चीत नऊवारीतली बाई, पदर पार हनुवटीखाली ओढलेला, हातात मोजे, समोर माईक. पुरुषाचा आवाज आला की बाई मान डोलावते आणि पुढ्यातल्या कागदावर सही करते. बाईमाणूस बोललं तर ढिम्म. सही तुळजाबाईंची, त्यांनीच शंभरदा करून यंत्राला शिकवलेली. पेपरात फोटो आला तेव्हा श्रीमंत ते फोडायलाच निघाला होता. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

शुक्रवारी दुपारी हॉलमध्ये कॉलेजची चार-पाच पोरं तेवढी होती.

“या काका,” शिल्पा म्हणाली. “फोडायला आलात का?”

“छे गं पोरी. कौतुक करायला आलो. कोणत्या बी कागदावर सही करतं का हे?”

“पुढं ठेवाल त्यावर. जरा हळू विचारा. काल मोटार जळाली होती, आत्ताच चालू केलंय.”

श्रीमंतनं खिशातून ठराव काढून टेबलावर ठेवला आणि घसा साफ केला. “गायरानाचा ठराव हाय. मंजूर ना?”

मान डोलली. पोरं फिदीफिदी हसली. श्रीमंतला राग आला, पण गिळला. पोरांनी कागद वाचू नये म्हणून तो टेबलाकडं पाठ करून आडवा उभा राहिला.

“बायको असावी तर अशी,” तो पोरांना म्हणाला. “विचारलं की ‘व्हय’.”

मागं हातमोज्यातला हात कागदावर फिरत होता. जरा वेळच लागला. पेनाची खरखर थांबल्यावर श्रीमंतनं वळून कोपऱ्यातली सही तेवढी पाहिली. ‘ळ’ अगदी तसाच. कोणाचं लक्ष जायच्या आत त्यानं कागदाची घडी घालून खिशात टाकली.

चार वाजता तो ग्रामपंचायतीत भाऊसाहेबांसमोर बसला होता. किती दिवसांनी त्याला चहा गोड लागत होता. भाऊसाहेबांनी चष्मा लावून कागद वाचला. मग पुन्हा एकदा वाचला.

“सही बाईंचीच आहे,” ते म्हणाले.

“मग मारा की शिक्का.”

“वर लिहिलंय ते वाचू का?”

“काय लिहिलंय वर? वाचा.”

“‘ठराव नामंजूर. गायरान गुरांचंच राहील.’” भाऊसाहेबांनी कागद जरा डोळ्यांजवळ धरला. “अन् त्याच्याखाली बारीक अक्षरात, ‘दूध तापवून ठेवा. मी लातूरहून सहाच्या गाडीनं येते.’”