दोन रकाने

"ऐंशी किलो नऊशे," प्रज्ञेश काट्यावरून उतरत म्हणाला. "लिही, ताई."

"गेल्या रविवारी ऐंशी दोनशे होतं."

"मग वाढलं असेल."

कल्याणीने लॅपटॉपवर आकडा भरला. डावा रकाना तिचा, उजवा धाकट्या भावाचा. दर रविवारी सकाळी सात वाजता, कोथरूडला आईबाबांच्या घरी, एकाच काट्यावर. तिने संख्याशास्त्रात एमएस्सी केलं होतं आणि हिंजवडीत दिवसभर ती दुसऱ्यांचे आकडे तपासायची. कुठलीही गोष्ट मांडून ठेवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. हा दहावा आठवडा होता.

आतल्या खोलीत बाबा झोपले होते. त्यांचं लिव्हर निकामी होत आलं होतं. घरातल्या कुणी आपल्या लिव्हरचा तुकडा दिला, तरच ते वाचणार होते. आईला मधुमेह, त्यामुळे ती बाद. उरली ही दोघं, आणि दोघांच्याही लिव्हरवर चरबी.

"असलं लिव्हर मला चालणार नाही," डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. "ज्याची चरबी आधी उतरेल, तो दाता. तीन महिने आहेत. पास झालात की पुढचं खाणंपिणं मी ठरवीन. तोवर एक दिवसही खाडा नको."

तिथून बाहेर पडल्या पडल्या दोघं भांडली होती.

"मी देणार. मोठी मी आहे."

"तुझी पायल चार वर्षांची आहे, ताई."

"तुझं लग्न व्हायचंय."

"पोटावरचा वण बघून नाही म्हणणारी मुलगी आधीच कळलेली बरी," प्रज्ञेश म्हणाला होता. "चल, शर्यत. तू पळ, मी उपाशी राहतो."

कल्याणीने सोसायटीचे जिने धरले. एक मिनिट जीव खाऊन चढायचं, दोन मिनिटं सावकाश उतरायचं, असे सहा फेरे. तिसऱ्या दिवशी तळमजल्यावर सूचना लागली : 'जिना हा वर जाण्यासाठी आहे. ज्यांना कुठेच जायचं नाही त्यांनी बागेत जावे.' तिने ती वाचली आणि फेरे चालू ठेवले. प्रज्ञेश दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळात जेवायचा. उरलेले सोळा तास पाणी आणि कोरा चहा.

आठ आठवडे दोन्ही रकाने उतरत गेले. भावाचा जरा जास्तच. उपास जिन्याला हरवतोय की काय, अशी कल्याणीला मनापासून उत्सुकता लागली होती. नवव्या आठवड्यात त्याचा आकडा थांबला. आणि आता हे सातशे ग्रॅम.

"काय खातोयस तू?"

"पुढ्यात येईल ते."

"आणि कधी?"

"भूक लागली की," तो हसून म्हणाला आणि बाबांच्या खोलीत गेला.

बुधवारी सकाळी नऊला ती स्कूटरवरून वारज्यातून चालली होती. प्रज्ञेश तिथेच राहायचा. चौकातल्या हातगाडीपाशी तो उभा दिसला. एका हातात दुधाचा ग्लास, पुढ्यात उकडलेली अंडी. ती रस्त्याच्या पलीकडे थांबली आणि सवयीने मोजत राहिली. चार झाली. पाचवं तो सोलत होता. तिने हॉर्न दिला नाही.

मागच्याच महिन्यात त्याला एक चांगलं स्थळ सांगून आलं होतं. त्याचा आकडा थांबल्याच्या तारखांशी ते नीट जुळत होतं. पोट फाडून घ्यायची धास्ती कल्याणीलाही होती. पायलची वेणी घालताना मध्येच तिचे हात थांबायचे. पण धास्ती वाटते म्हणून बाबांना सोडायचं? त्याने निदान तोंडाने सांगायला हवं होतं. हे ती आईजवळ बोलली नाही. सहाचे दहा फेरे केले.

दोन दिवसांनी तिनेच त्याला फोन लावला.

"भीती वाटत असेल तर सरळ सांग, प्रज्ञ्या. मी रागावणार नाही."



"वाटते ना," तो म्हणाला. "कुणाला वाटणार नाही?"

"मग झालं तर. तू खा पोटभर."

"खातोय."

"दिसतंय ते."

"तू जिने सोडू नकोस पण," तो म्हणाला. तिने फोन ठेवून दिला.

त्यानंतरच्या दोन्ही रविवारी तिने एकच रकाना भरला. प्रज्ञेश काट्यापाशी आला, तेव्हा तिने लॅपटॉप मिटला. तो तसाच बाबांच्या खोलीत गेला.

तेराव्या आठवड्यात तिने स्वतःच तपासणीची वेळ घेतली. "एवढी घाई काय आहे? पुढच्या आठवड्यात कर," आई म्हणत होती. पण बाबांना आदल्या दिवशीच त्याच हॉस्पिटलात दाखल केलं होतं. दर पंधरा दिवसांनी पोटातलं पाणी काढायला नेत, तसंच. कल्याणीला ते सोयीचंच वाटलं.

अकरा वाजता रिपोर्ट हातात आला. तिने तो उभ्या उभ्या दोनदा वाचला. लिव्हरवर चरबी नाही. लिफ्टची वाट न बघता ती चार मजले चढली. धाप लागली नाही.

वर बाकावर आई एकटीच बसली होती.

"आई, पास झाले! डॉक्टरीणबाई कुठे आहेत? त्यांना म्हणावं, मी तयार आहे. अगदी उद्यासुद्धा."

आईने तिचा हात धरला. "बस आधी."

"प्रज्ञ्या नाही ना आला? नकोच येऊ दे. आता त्याची गरजही नाही."

"आलाय तो."

"कुठे आहे?"

आईने समोरच्या ऑपरेशन थिएटरच्या बंद दाराकडे पाहिलं.

"तो महिन्यापूर्वीच पास झाला होता. सहाला नेलं आत," ती म्हणाली. "दोघांनाही."